चोर-शिपायांचे सिनेमे कशाला जपायचे?

कॅमेरा आधी बुटांवर येतो. मग सावकाश वर चढतो. काळी विजार, काळा कोट, पांढराशुभ्र सदरा, आणि गळ्याच्या वर माणसाच्या डोक्याऐवजी शिकारी पक्ष्याचं भलंमोठं डोकं. टोकदार चोच, गोल डोळे थेट आपल्यावर रोखलेले. हा पाहुणा कठड्यावर पडलेलं मेलेलं कबुतर उचलतो, हातावर घेतो आणि मेजवानीच्या दालनात शिरतो. आत सगळेच पक्ष्यांचे मुखवटे चढवून आलेत. गर्दी त्याला वाट करून देते. तो व्यासपीठावर चढतो, हात उंचावतो आणि ते मेलेलं कबुतर भुर्रकन उडून जातं. मग रुमालातून एक कबुतर, पाठोपाठ दुसरं, तिसरं. या सगळ्यात संवाद जवळजवळ नाहीतच, मॉरिस जारचं संगीत तेवढं वाजत असतं. रात्री बाराच्या ठोक्याला घराचा मालक, लोकांना नागवून गबर झालेला बँकर फाव्रो, भर समारंभात कोसळतो.

जॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९६३ सालच्या ‘ज्युदेक्स’मधला हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मोजदाद राहिलेली नाही. ज्युदेक्सची भूमिका करणारा चॅनिंग पोलॉक हा नटापेक्षा जादूगार म्हणून नावाजलेला अमेरिकन माणूस. कबुतरं काढण्यात त्याचा हातखंडा होता. त्यामुळे इथे कॅमेऱ्याची चलाखी लागतच नाही. जे घडतं ते त्याच्या हातांतून, आपल्या डोळ्यांसमोर घडतं. मूकपटाच्या काळात प्रेक्षक जसा अवाक होऊन बघत बसायचा, तसंच आपलं होतं.

ज्या मालिकेला फ्रांजूने हा मुजरा केला ती लुई फुइयादची. फुइयाद गोमाँ या फ्रेंच चित्रपट कंपनीचा कलाप्रमुख. १९१३-१४ मध्ये त्याने ‘फाँतोमास’चे पाच भाग केले, १९१५-१६ मध्ये ‘ले वाँपिर’चे दहा, आणि १९१६ साली ‘ज्युदेक्स’ चित्रित केला. तो १९१७ मध्ये प्रस्तावना आणि बारा भाग असा दर आठवड्याला पडद्यावर येत गेला. तिकडे ‘ल पती पारिझियाँ’ या वृत्तपत्रात त्याच कथेची कादंबरी क्रमशः छापून येत होती. काळा झगा, रुंद काठाची टोपी, दुष्ट सावकाराला शिक्षा करणारा गूढ न्यायदाता आणि त्याच्यामागे लागलेली कारस्थानी दियाना मोंती. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ची पारायणं केलेल्या वाचकाला ही दुनिया परकी वाटणार नाही.

फ्रांजूच्या सिनेमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दिसायला देखणा, पण आत काय? कथानक जुनाट, नायक थंड, योगायोगांची रेलचेल. यातलं बरंचसं खरंही आहे. इथे ज्युदेक्स शेवटी स्वतःच पकडला जातो आणि त्याला सोडवते कोण, तर ऐनवेळी तिथून चाललेल्या सर्कशीतली कसरतपटू डेझी. सिल्वा कोशिना या नटीने ती भूमिका केलीय. पांढऱ्या घट्ट पोशाखातली ही मुलगी दोराशिवाय, शिडीशिवाय, अंधारात घराची भिंत चढत जाते. वर छपरावर काळ्या पोशाखातल्या दियानाशी तिची झटापट होते. पांढरी आकृती, काळी आकृती, मागे रात्र. या प्रसंगात पटण्यासारखं काही नाही आणि तरीही नजर हलत नाही. ‘योगायोगच तर आहे’ असं म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन की फ्रांजूला तो योगायोगच हवा होता. संकट शिगेला पोचलं की रस्त्याने सर्कस येते, हा त्या जुन्या मालिकांचा धर्म होता. त्यावर हसू करायचं नाही, आजच्या चवीप्रमाणे तो सुधारायचाही नाही, तो पूर्ण गांभीर्याने परत उभा करायचा, असं फ्रांजूने ठरवलं होतं.

सिनेमाच्या शेवटी एक पाटी येते. हा चित्रपट फुइयादला आदरांजली आहे आणि जो काळ सुखाचा नव्हता त्याची आठवण आहे, अशा अर्थाची. खाली साल आहे १९१४. जुन्या गोष्टींचं कौतुक करणारा माणूस सहसा ‘तो काळच वेगळा होता’ म्हणून उसासा टाकतो. फ्रांजू तसं करत नाही. ज्या वर्षांत फ्रान्सची पोरं खंदकांत मरत होती त्याच वर्षांत पॅरिसच्या ओस रस्त्यांवर फुइयाद हे मुखवटेवाले चोर पळवत होता, हे तो विसरू देत नाही. अशा सिनेमाला नुसता स्टायलिश म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

पण माझा मुद्दा हा सिनेमा किती चांगला आहे एवढाच नाही. तो होऊ कसा शकला, हा खरा मुद्दा आहे. कारण फुइयादच्या मालिका टिकाव्यात असं त्यांच्या काळात कोणाही शहाण्यासुरत्या माणसाला वाटत नव्हतं. ‘ले वाँपिर’मध्ये गुन्हेगारांचं उदात्तीकरण होतं म्हणून पॅरिसच्या पोलीस खात्याने तिच्यावर काही काळ बंदी घातली होती. त्याच टीकेला उत्तर म्हणून फुइयादने ‘ज्युदेक्स’ हा सत्शील नायक पुढे आणला, तर लुई देल्युकसारख्या जाणत्या समीक्षकाने तोही झोडपून काढला. पोराटोरांची, मजुरांची, फावल्या वेळची करमणूक अशीच या मालिकांची गणना होती. आंद्रे ब्रताँ आणि लुई आरागाँ यांच्यासारखे मोजके तरुण कवी तेवढे त्यांच्यावर जीव टाकत होते. फुइयाद १९२५ मध्ये वारला. पुढे चार-पाच वर्षांत बोलपट आला आणि मूकपटांची रिळं म्हणजे अडगळ झाली. जगभर ती चांदीसाठी वितळवली गेली, जाळली गेली, नाहीतर गोदामात कुजत पडली.

त्या वेळी पॅरिसमध्ये दोन विशीतले तरुण होते, आँरी लाँग्ल्वा आणि हाच जॉर्ज फ्रांजू. १९३५ च्या सुमारास त्यांनी जुने मूकपट दाखवणारं एक मंडळ काढलं आणि १९३६ मध्ये काही मित्रांच्या साथीने सिनेमातेक फ्राँसेज या चित्रपट संग्रहालयाची स्थापना केली. लाँग्ल्वा सुरुवातीला घरच्या न्हाणीघरातल्या टबात रिळं ठेवायचा, ही गोष्ट सिनेमाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा त्याने आणि त्याच्या माणसांनी कितीतरी फिल्म लपवून वाचवल्या. ‘ले वाँपिर’ची इर्मा व्हेप आणि मूळ ‘ज्युदेक्स’ची दियाना मोंती ज्या नटीने रंगवली ती म्युझिदोरा उतारवयात याच संस्थेत काम करत होती. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र नेहमी येतं. जिने काळ्या पोशाखात पॅरिसची छपरं गाजवली ती बाई आता कागदपत्रं लावत बसलीय आणि तिच्या तारुण्याची रिळं त्याच संस्थेच्या डब्यांत आहेत.

तर १९६३ चा ‘ज्युदेक्स’ करणारा माणूस मुळात जुन्या फिल्म वाचवणारा माणूस होता. पटकथा लिहिली झाक शाँप्रो आणि फ्राँसिस लाकासँ यांनी. शाँप्रो हा फुइयादचा नातू आणि लाकासँ फुइयादचा अभ्यासक. फ्रांजूला खरं तर ‘फाँतोमास’ करायचा होता, तो त्याला मिळाला नाही, ‘ज्युदेक्स’ मिळाला. तरी या तिघांकडे जे होतं ते पैशाने विकत मिळणारं नव्हतं. त्यांनी मूळ सिनेमा पाहिला होता, पडद्यावर. कोणीतरी त्या ‘फालतू’ मालिका फेकल्या नव्हत्या आणि कोणीतरी त्या दिवा लावून दाखवल्या होत्या. इथून पुढे ही वाट थांबतही नाही. ऑलिव्हिए असायासने १९९६ मध्ये इर्मा व्हेपवर सिनेमा केला आणि २०२२ मध्ये मालिका. शंभर वर्षांपूर्वी समीक्षकांनी हिणवलेली एक पडद्यावरची चोरटी आजही नव्या माणसांना कामाला लावतेय.

म्हणून मला ठामपणे वाटतं की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या चित्रपट संग्रहालयाला ‘हे जपण्याच्या लायकीचं, हे नाही’ असं ठरवण्याचा अधिकार असू नये. आजची अभिरुची पन्नास वर्षांनंतरच्या कलावंताची गरज ओळखू शकत नाही. १९२० साली फ्रेंच जाणकारांची समिती नेमून काय जपायचं विचारलं असतं, तर त्यांनी थोर नाटकांवरचे गंभीर चित्रपट निवडले असते आणि फुइयादला टोपलीत टाकलं असतं.

हीच वागणूक आपण आपल्याकडच्या रहस्यकथेला दिली आहे. मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचो तिथे ललित साहित्याला काचेचं कपाट होतं आणि अर्नाळकर जमिनीवर, खोक्यात. हजारावर पुस्तकं लिहिलेला हा माणूस. पण त्याच्या पुस्तकांना ना पुठ्ठा, ना नोंद. मला मिळालेल्या एका ‘झुंजार’ची शेवटची पानं नव्हती. खुनी कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे एकदा चौकशी केली तेव्हा ते खोकं रद्दीत गेल्याचं कळलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. जागा नव्हती, आणि जागा करायची झाली की आधी काय जाणार हे सगळ्यांना न सांगता माहीत होतं.

सिनेमाची गत याहून वाईट. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले जेमतेम तीसेक उरलेत आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. चार रिळांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची दोनच रिळं हाती आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ नाहीसा झाला. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकरी उभा केला, तो मूकपट गेला. हे निदान नावाजलेले चित्रपट, म्हणून त्यांची हळहळ तरी होते. मुंबईच्या थिएटरांत तेव्हा अमेरिकी चोर-शिपायांच्या मालिकांना तुफान गर्दी व्हायची आणि ते बघून आपल्याकडेही स्टंटपट निघत होते. त्यांच्यासाठी रडायलाही कोणी नाही. ‘दिलेर जिगर’ हा १९३१ चा स्टंटपट, ज्यात तरुणपणीच्या ललिता पवार आहेत, तो उरला हे आपलं नशीब.

जे आहे ते पी. के. नायर यांच्यामुळे, हे पुण्यात कोणी वेगळं सांगायला नको. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत नायरांनी तिथे बारा हजारांच्या आसपास चित्रपट जमवले. फाळक्यांच्या फिल्मचे तुकडे त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन मिळवले. लाँग्ल्वाशी त्यांची तुलना होते ती योग्यच आहे. आणि लाँग्ल्वासारखंच त्यांनाही आगीचं दुःख बघावं लागलं. ८ जानेवारी २००३ ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली. तिथे नायट्रेट या जुन्या, पटकन पेटणाऱ्या पट्टीवरच्या फिल्म होत्या. नायट्रेट पेटलं की विझवता येत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो, पाण्याखालीही ते जळत राहतं. शेकडो चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली.

इथे दुसरी बाजू मांडायला हवी. लाँग्ल्वाच्याच पिढीत लंडनला अर्नेस्ट लिंडग्रेन नावाचा संग्रहपाल होता. त्याचं म्हणणं असं की मूळ प्रत प्रोजेक्टरवर चढवली की तिच्यावर ओरखडा पडणार, म्हणून आधी नक्कल, मगच खेळ. लाँग्ल्वा म्हणायचा, आधी दाखवा. लिंडग्रेन चुकीचा नव्हता. लाँग्ल्वाचा कारभार बेशिस्त होता, याद्या नव्हत्या, १९५९ मध्ये त्याच्या संग्रहातल्या फिल्म आगीत गेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये आणखी मोठी आग लागली. १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्याला पदावरून दूर केलं तेव्हा त्याच्या कारभाराकडेच बोट दाखवलं होतं. पण त्याला परत आणण्यासाठी रस्त्यावर उतरले कोण? त्रुफो, गोदार, रिव्हेत हे दिग्दर्शक. त्याच्या साठेक खुर्च्यांच्या छोट्या थिएटरात पुढच्या रांगांत बसून सिनेमा शिकलेली ही पोरं. दोन महिन्यांत सरकारला माघार घ्यावी लागली. लिंडग्रेनच्या शिस्तीने फिल्म वाचल्या, याबद्दल त्याचे उपकारच आहेत. तरी दाखवल्याशिवाय फ्रांजूचा ‘ज्युदेक्स’ निघत नाही आणि पाहिल्याशिवाय फिल्मसाठी रस्त्यावर उतरणारी माणसं तयार होत नाहीत.

आणि आज तर तो वादच संपलाय. डिजिटल प्रतीला ओरखडा पडत नाही. मूळ रीळ थंड, कोरड्या तिजोरीत ठेवा, नक्कल गावोगाव फिरवा. दोन्ही एकदम करता येतं. मग आपल्याकडे पहिलंच तेवढं का होतं? राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी केंद्र सरकारने सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर केले. २०२२ मध्ये त्यातूनच बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली. हा पैसा खर्च व्हायलाच हवा, व्हिनेगरचा आंबूस वास सुटलेला फिल्मचा डबा एकदा उघडून पाहिलेला कोणीही तेच म्हणेल. त्या वासाचा अर्थ फिल्म आतून कुजतेय आणि फार वेळ उरलेला नाही. पण एवढ्या खर्चाने धुऊनपुसून काढलेला चित्रपट बहुतेक वेळा कुठल्यातरी महोत्सवात एकदा दिसतो, आमंत्रितांच्या टाळ्या घेतो आणि परत डब्यात जातो. ज्यांच्या कराच्या पैशातून तो वाचला ते पुणे-मुंबईबाहेरचे लोक त्याचं नावही ऐकत नाहीत.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाच्या थिएटरात पाहिला. १९१९ चा मूकपट. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झालीय, वय सात वर्षं. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, राग, हसू, भीती. मग एका रात्री हा कृष्ण एका धनिकाच्या घरात शिरतो, झोपलेल्या नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकमेकांना बांधतो आणि पळतो. माझ्या शेजारी कोणीतरी आपल्या लहान मुलीला घेऊन आले होते. ती पोर खुर्चीवर उभी राहून हसत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या सात वर्षांच्या मुलीने आजच्या सात वर्षांच्या मुलीला हसवलं, मधे ना भाषा आली ना काळ. मला त्या क्षणी डेझीची भिंत आठवली. तोच अंधार, तसंच घर, तसंच चोरपावलांनी आत शिरणं. पौराणिक म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्या चित्रपटातही हा घरफोडीचा खोडकर आनंद भरलेला आहे आणि तो डब्यावरचं लेबल वाचून कळत नाही.

माझं म्हणणं करायला अवघड नाही. प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. चित्रपटासाठी तसा कायदा करावा आणि त्यात चांगला-वाईट, पुरस्कारप्राप्त-आपटलेला असा भेद ठेवू नये. फ्रान्सने १९७७ पासून चित्रपट जमा करणं सक्तीचं केलं आहे, त्यांचं त्यात काही बिघडलेलं नाही. आणि संग्रहालयाच्या खर्चातला एक ठरलेला वाटा दाखवण्यासाठी बांधून द्यावा. महोत्सवासाठी नको, दर आठवड्याच्या साध्या खेळासाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहं आहेत, कॉलेजांत सभागृहं आहेत, पडदा आणि प्रोजेक्टर आता परवडणारा आहे. पेटी-तबला वाजवणारा एखादा स्थानिक कलाकार बसवला तर मूकपटाला संगीतही मिळेल, जसं तेव्हा मिळायचं.

सुरुवात नाशिकपासून करावी. ‘कालिया मर्दन’ तिथेच तयार झाला होता. मग कोल्हापूर, जिथे बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पहिल्या महिन्यात फाळके, दुसऱ्यात ‘दिलेर जिगर’, आणि तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी रात्री फुइयादचा ‘ज्युदेक्स’, पहिले दोन भाग.